सासूबाई बंद आहेत

फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून गावाच्या एकेका भागाला वीज पोचवणारी लाईन. गावाबाहेरच्या उपकेंद्रात असे बारा फीडर होते आणि गेल्या वर्षापर्यंत त्यांना नुसते नंबर होते. कागदावर नंबर छान दिसतात. वादळात मोबाईल मान टाकतात, सगळं बोलणं वायरलेसवर येतं, आणि तिथल्या खरखरीत 'सहा' आणि 'दहा' यांतला फरक ओळखून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

उपकेंद्राच्या ऑपरेटरला हे शहाणपण गेल्या वर्षीच्या वादळाने दिलं होतं. लाईनमनने सहा नंबर बंद करायला सांगितला, तिने ऐकला दहा. दहा बंद करून तिने बिनधास्त परमिट दिलं, म्हणजे आता खांबावर चढायला हरकत नाही असं सांगितलं. लाईनमनचं नाव लंबू. शिडी विसरला तरी त्याचं काम अडणार नाही, असं सगळे म्हणत. पण लंबू नियमाचा पक्का. तारेला हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावला आणि टेस्टर किंचाळला, तार चालूच होती. तो खाली उतरला आणि चिखलात बसून राहिला. नंतरही तो तिला एका शब्दाने बोलला नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. आठ दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्यानंतर तिने ठरवलं, नंबर गेले खड्ड्यात. प्रत्येक फीडरला नाव द्यायचं, आणि एका नावात दुसरं ऐकू येता कामा नये. आधी फळं झाली, मग पक्षी झाले. पण वादळात भिजलेल्या माणसाला साळुंकी कुठे जाते आणि बगळा कुठे जातो हे आठवेना. शेवटी लंबूनेच तोडगा काढला. नातेवाईक कुठले आणि कसे, हे कुणाला पाठ करावं लागत नाही, तो म्हणाला.

मग काय, फीडरांचं बारसं झालं. सहा नंबरवर दवाखाना आणि पाण्याचे पंप, त्यामुळे काहीही झालं तरी आधी त्याची सोय बघायची. त्याचं नाव जावई. बारा नंबर शेजारच्या उपकेंद्राला जोडलेला. आपल्याकडची वीज गेली की त्यांच्याकडून मागून घ्यायची आणि उपकाराखाली दबून राहायचं. तो झाला व्याही. पाच नंबर बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो मामा. बाकीच्यांत आत्या, नणंद, साडू असे सगळे आले. राहता राहिला दहा नंबर. त्याचं नाव ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

लंबूने एका पुठ्ठ्यावर यादी लिहून काढली आणि नव्या माणसाला समजावं म्हणून प्रत्येक नावापुढे कारणही दिलं. दहापुढे लिहिलं होतं: 'सासूबाई. लांब, जुन्या. जराशा वाऱ्याने बिघडतात. एकदा पडल्या की चार जणांना घेऊन पडतात.' पुठ्ठा पॅनेलशेजारी लटकला. ऑपरेटर तो बघून मनापासून हसली होती. आपल्या घरी एक खरीखुरी सासू आहे आणि ती उपकेंद्राच्या आवारातल्याच क्वार्टरमध्ये, पॅनेलपासून साठ पावलांवर राहते, हे त्या वेळी तिच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

साहेबांना म्हणजे उपविभागाच्या इंजिनिअरना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. हे उपकेंद्र आहे की लग्नपत्रिका, असं त्यांनी विचारलं. पण गेल्या वर्षी काय होता होता राहिलं हे तेही विसरले नव्हते. म्हणून त्यांनी एका वादळाची मुदत दिली. येत्या वादळात नावांमुळे एक जरी घोटाळा झाला, तर दुसऱ्या दिवशी नंबर परत. ऑपरेटरने मान डोलावली. तिला त्या नावांची किती गरज होती ते साहेबांना कळणार नव्हतं. लंबू खांबावर असताना तिच्या हातात त्याचा जीव असे, आणि तो जीव सांभाळायला तिच्याकडे एक शब्द असे, बस.

वादळाची सूचना दोन दिवस आधी आली. क्वार्टरचं छप्पर पत्र्याचं, नवरा कामासाठी महिनाभर परगावी. सासूला तिथे एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. कंट्रोल रूमला मात्र पक्का स्लॅब होता. तेव्हा वादळाच्या सकाळी सासू आली. एका हातात उशी, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास, काखेत बोचकं, आणि चेहऱ्यावर तुमच्या ऑफिसात तरी नीट बसायला मिळेल ना असा भाव. ऑपरेटर तिला घरी आई म्हणायची. समोर तर सोडाच, पाठीमागेसुद्धा ती कधी सासूबाई म्हणत नसे. म्हणजे फीडर सोडून.

आई आत पाऊल टाकणार एवढ्यात ऑपरेटरला पुठ्ठा दिसला. तिने तो खुंटीवरून ओढला आणि टेबलाच्या खणात कोंबला. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण. त्यांनी पॅनेलकडे पाहिलं, बारा हॅंडलं मोजली, रिकाम्या खुंटीकडेही पाहिलं, आणि खुर्ची ओढून बरोबर वायरलेसच्या शेजारी बसल्या.

आता ऑपरेटरची अवस्था धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी झाली. लेकी बोले सुने लागे ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. फीडरला बोले आणि सासूला लागे, यावर मात्र पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. तिने मनाशी एक पळवाट काढली. बाकी सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि फक्त त्या एका फीडरला, आजच्या दिवसापुरतं, दहा म्हणायचं. एक दिवसाने काय होतंय?

साडेदहाला वारा सुरू झाला. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग बाहेरच्या झाडांनी अंगात आल्यासारखं केलं, आणि अकरा वाजता साडू ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. पाठोपाठ नणंद. ऑपरेटर वायरलेसवर शांतपणे बोलत होती. साडूला राहू दे, आत्याकडे बघ, मामा अजून उभा आहे. आई थर्मासच्या झाकणातून चहा पीत ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की तुमच्याकडे आज कुणाचं कार्य आहे का. ऑपरेटरने फीडरांना नावं का दिली ते सांगितलं. फक्त सहा आणि दहाची गोष्ट गाळली. ती सांगितली तर दहाचं नाव काय, हा प्रश्न आलाच असता.

आईंना ते पटलं. एक्स्चेंजमध्ये असताना त्यासुद्धा सहाला 'सहा, पाचानंतरचा' म्हणत, नाहीतर लोक दहाला जोडले जात, असं त्यांनी सांगितलं. ज्या गोष्टीसाठी ऑपरेटरने आठ दिवस उपास काढले, ती या बाईला चाळीस वर्षांपूर्वीपासून माहीत होती, आणि सुनेने तिला कधी विचारलंच नव्हतं.

अकरा चाळीसला वायरलेसमधून लंबूचा आवाज आला, खोलीभर घुमेल असा. "सासूबाई गेल्या! नाल्याजवळ आडव्या पडल्यात!"

आईंच्या हातातलं झाकण अर्ध्यावर थांबलं. कुणाच्या गेल्या, त्यांनी विचारलं. ऑपरेटर घाईघाईने म्हणाली की एकाच्या. मग बटण दाबून तिने लंबूला बजावलं की आजच्या दिवस दहा म्हण, नुसतं दहा. का, असं लंबूने विचारलं. तिने बटण सोडून दिलं. त्याला वाटलं साहेब शेजारी उभे असतील, म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही.

नाल्याजवळ काय झालं होतं ते असं. तिथे जावई आणि सासूबाई, म्हणजे सहा आणि दहा, दोन वेगळ्या खांबांच्या रांगांनी शेजारी शेजारी जात. मोठं झाड उन्मळून दहाच्या तारांवर पडलं होतं आणि त्याचा शेंडा सहाच्या खांबाला टेकला होता. सहा मात्र अजून चालू होता. दवाखान्यात ऑपरेशन सुरू होतं आणि पंपांनी टाकी भरत होती, म्हणून त्याला हात लावायचा नव्हता. फक्त दहा बंद ठेवून फांद्या तोडायच्या होत्या.

ऑपरेटरने दहाचा ब्रेकर बंद असल्याची खात्री केली, लाईन जमिनीला जोडून अर्थिंग केलं आणि हॅंडलवर लाल कार्ड लटकवलं. मग बटण दाबून म्हणाली, "दहा बंद आहे. अर्थ केलाय. परमिट दिलं."

खर्र. मग लंबूचा आवाज, वाऱ्याने चघळून थुंकलेला. "...हा बंद. बरोबर. चढतो."

ती ऐकत राहिली. दहा म्हणाला की सहा? दहाच म्हणाला असेल. तिनेच तर दहा सांगितलं. पण गेल्या वर्षी त्यानेही सहाच सांगितलं होतं. साठ पावलांवरची बाई शेजारी बसली आहे म्हणून आपण तोच खड्डा परत खणला आणि त्यात परत त्याच माणसाला पाठवलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते या असल्या भांड्यासाठी. तिला स्वतःचा इतका राग आला की बटण दाबताना बोट घसरलं.

"थांब. चढू नकोस. लंबू, खाली थांब." मग डोळे मिटून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "सासूबाई बंद आहेत. फक्त सासूबाई. जावई चालू आहे. ऐकतोयस ना? जावई चालू आहे."

नुसती खरखर. एक, दोन, तीन. कुणी चौदापर्यंत मोजलं असतं तर चौदा.

"मी जावयाला शिडी लावली होती," लंबू म्हणाला. "तीन पायऱ्या चढलो होतो."

त्याला सहा ऐकू आला होता. झाडाचा शेंडा सहाच्या बाजूने तोडायला सोपा, म्हणून सहा बंद केला असेल आणि दवाखान्याला व्याह्यांकडून वीज दिली असेल, असं त्याने मनाशी जुळवलं होतं. टेस्टर सकाळीच पावसात भिजून मुका झाला होता, आणि मुका टेस्टर घेऊन चढायचं नसतं हे तो घाईत विसरला होता. नियमाचा पक्का माणूसही वर्षातून एकदा विसरतो, आणि तो दिवस नेमका आजचाच होता. तो आता शिडीवरून उतरला होता, पण त्याचाही विश्वास उडाला होता. नक्की कोण बंद आहे ते पुन्हा सांगा, तो म्हणाला. नक्की कोण?

ऑपरेटरला बोलायचं होतं. ओठ हललेही. पण आवाज निघेना, आणि डोळ्यांसमोर सहाच्या खांबाला टेकलेली शिडी होती. तेवढ्यात तिच्या हातातून कुणीतरी वायरलेसचा सेट अलगद काढून घेतला.

आईंनी. सेट घेऊनच त्या पॅनेलपाशी गेल्या. लाल कार्ड कोणत्या हॅंडलवर आहे ते त्यांनी बोट लावून पाहिलं, सुनेकडे वळून पाहिलं, सुनेने मान हलवली. मग त्यांनी बटण दाबलं आणि तीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेल्या आवाजात एकेक शब्द ठेवला.

"मी सासूबाई बोलतेय. मी बंद आहे. माझ्यावर चढ. जावयाच्या अंगाला हात लावू नकोस."

वायरलेसचा चॅनल सगळ्यांचा एकच असतो. साहेब जीपमध्ये होते, दोन टोळ्या मैदानात होत्या, शेजारच्या उपकेंद्राचे व्याहीदेखील ऐकत होते. साहेबांनी घसा खाकरून विचारलं की हे कोण बोलतंय.

"फीडर बोलतोय साहेब," लंबू म्हणाला. मग जरा वेळाने, "सासूबाई बंद. जावई चालू. सुका टेस्टर मागवतो, सासूबाईंना लावतो, मगच चढतो."

पुढचे चार तास आई खुर्चीवरून उठल्या नाहीत. सुनेने हॅंडल बघायचं, कार्ड लावायचं, परमिट सांगायचं आणि आईंनी ते शब्द वायरलेसवर ठेवायचे, अशी आपोआप वाटणी झाली. मामा पडला तेव्हा त्या हळहळल्या. व्याह्यांकडून वीज मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी अशा गोड आवाजात मागितली की पलीकडच्या माणसाने थोडी जास्तच दिली. चार वाजता वारा पडला. सव्वाचारला ऑपरेटरने दहाचं हॅंडल फिरवलं. काटा हलला आणि स्थिर राहिला. बावीस वस्त्यांत दिवे लागले.

मग आईंनी खण उघडला. त्या काडेपेटी शोधत होत्या असं त्या नंतर म्हणाल्या, पण दिवे लागल्यावर काडेपेटी कुणाला हवी असते? पुठ्ठा त्यांनी चष्मा लावून वाचला. वरपासून खालपर्यंत, आणि मग दहा नंबर पुन्हा एकदा. ऑपरेटर जमिनीकडे बघत उभी होती. नावापुढचं कारण लंबूने लिहिलंय, असं सांगावंसं तिला वाटलं. पण हसली तर तीच होती.

"लांब, बरोबर आहे," आई म्हणाल्या. "जुनी, तेही बरोबर. बिघडते, पडते, सगळं कबूल. पण बावीस वस्त्यांना मी एकटी वीज नेते, ते कुणी लिहिलं नाही."

तिला रडूच आलं. दिवसभराचं सगळं त्या रडण्यात होतं. शिडीच्या तीन पायऱ्या होत्या, चिखलात बसलेला लंबू होता, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊनही ही बाई एक्स्चेंजमध्ये काय करत होती हे न विचारलेली ती स्वतः होती. ती म्हणाली की चुकलं माझं. आईंनी थर्मासमधला उरलेला चहा तिच्यापुढे केला. तो पार गार झाला होता. तिने पिऊन टाकला.

गोष्ट इथेच संपायची, पण मुख्य कार्यालय नावाची एक गोष्ट असते. साहेबांनी नियमाप्रमाणे अहवाल पाठवला. पहिलं वाक्य होतं: 'सासूबाई ११.४० वाजता गेल्या, नाल्याजवळ झाड पडून.' वीज परत आल्याचं चौथ्या परिच्छेदात होतं. मुख्य कार्यालयात चौथ्या परिच्छेदापर्यंत कुणी पोचत नाही. आठवड्याने ऑपरेटरच्या नावाने पत्र आलं. आपल्या सासूबाईंच्या दुःखद निधनाबद्दल कार्यालय शोक व्यक्त करत आहे, तीन दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे, आणि वादळात अशा प्रसंगीही आपण कामावर हजर राहिलात याची नोंद घेण्यात आली आहे.

साहेबांची पाचावर धारण बसली. हाच तो घोटाळा, आता नंबर परत आणायचे, असं म्हणत ते पत्र घेऊन स्वतः क्वार्टरवर आले. दार आईंनी उघडलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, दारातच उभं राहून सगळं वाचलं, आणि शोकाचं वाक्य दोनदा वाचलं. आपल्याबद्दल इतकं चांगलं याआधी कुणी लिहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांना बसवलं आणि विचारलं की नंबर परत आणले तर पुढच्या वादळात लंबूला सहा ऐकू येणार की दहा. साहेबांनी नंबरांचा विषय सोडून दिला. त्यांनीही त्या दिवशी वायरलेसवर ती चौदापर्यंतची खरखर ऐकली होती.

"मग कळवा त्यांना," आई म्हणाल्या. "सासूबाई सव्वाचारला परत आल्या. तब्येत चांगली आहे. रजा मात्र परत घेऊ नका म्हणावं, ती लागणार आहे."

रजा कशाला लागली ते सगळ्या गावाने पाहिलं. तीन दिवस दहा नंबरच्या लाईनखालून एक जीप हळूहळू जात होती. लंबू करवत घेऊन, ऑपरेटर वही घेऊन, आणि पुढच्या सीटवर आई, हातात पुठ्ठा. तारेजवळ आलेली एकेक फांदी त्या बोटाने दाखवत. ही माझ्या अंगावर येते, तोड. ती राहू दे, ती लांब आहे, उगाच झाडाला काय त्रास. वाकलेले खांब सरळ झाले, जिथे तारा फार सैल होत्या तिथे ओढून घेतल्या गेल्या, आणि लाईनच्या मध्यावर एक नवं स्विच बसलं, म्हणजे एका टोकाला काही झालं तर दुसऱ्या टोकाने अंधारात बसायला नको. त्या स्विचचं नाव काय ठेवायचं असं लंबूने विचारलं. आईंनी जराही विचार केला नाही. सून, त्या म्हणाल्या. मी पडायला लागले की मध्ये उभी राहील.

पुढच्या वर्षीच्या वादळात साडू पडला, नणंद पडली, मामा तर दोनदा पडला. दहा नंबर एकदाच अडखळला, सुनेने मधून तोडला, आणि बावीसपैकी सोळा वस्त्यांत दिवा हललासुद्धा नाही. पुठ्ठ्यावर दहासमोरची जुनी ओळ तशीच आहे. खाली वेगळ्या अक्षरात एक जास्तीची ओळ आहे, बावीस वस्त्यांची.

आता वादळाची सूचना आली की आई कुणी बोलवायची वाट बघत नाहीत. उशी, थर्मास आणि बोचकं घेऊन साठ पावलं चालत येतात, वायरलेसच्या शेजारची खुर्ची ओढतात आणि चष्मा पुसत विचारतात.

"आज मी कशी आहे?"

सून काट्याकडे बघते. नीट बघते, घाई करत नाही.

"चालू आहात, आई."

मग ठीक आहे, असं म्हणून त्या थर्मासचं झाकण उघडतात आणि पहिला चहा तिला देतात. गरम असतो.